चौदा घरांची तूर

तूर बघायला मला पाठवलं त्याचं खरं कारण असं, की मी घरात डाळ खात नव्हतो.

माझी मंडळी, गयाबाई, दिवाळीच्या आधी गेली. मंग मुलानं मला गावाकडून जालन्याला आणलं. मुलगा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात जातो, सून वर्षा घर बघते. घर बराबर आहे. नळ आहे, पंखा आहे. पण डाळीचा घास तोंडात गेला की मला वाटायचं, हिच्यात औषध आहे. आणि वाटलं ते मी बोलून दाखवायचो. रोज. 'ही मोंढ्यातली, धान्यबाजारातली डाळ. शेतात फवारलेली, पोत्यात गोळ्या टाकून ठेवलेली. माणूस मारायची डाळ आहे ही.' वर्षा आधी आधी विचारायची, 'मामा, कशी झाली?' नंतर तिनं विचारणं सोडलं. ताट ठेवायची आणि आत जायची.

हेच मी बाहेर ओट्यावर बसूनही बोलायचो, म्हणून कॉलनीभर झालं. बायकांच्या डोक्यात ते आधीपासून होतंच. पेपरात सेंद्रिय सेंद्रिय म्हणून काही ना काही येत होतं. उन्हाळा लागत होता, वर्षभराचं धान्य भरायचे दिवस. समोर एक शाळामास्तरीण बाई राहतात. त्यांनी चौदा घरं गोळा केली आणि ठरवलं, की यंदा डाळ मोंढ्यातून आणायची नाही. तूर सरळ शेतकऱ्याच्या घरून घ्यायची, बिनफवाऱ्याची, आणि आपण भरडून आणायची. पण फवारलेली कुठली आणि न फवारलेली कुठली, हे ओळखणार कोण?

"आबाच जातील," बाई म्हणाल्या. "रोज बोलतात ना? आता बघून या. तुम्ही हो म्हणाल ती तूर चौदा घरं वर्षभर खातील."

वर्षा दारात उभी होती. ती म्हणाली, "मामांना आवडंल तीच घ्या. मला काय, मी शिजवीन." एवढं बोलून आत गेली.

तूर मला कळते. मिजास म्हणून सांगत नाही, पस्तीस वर्षं पेरली आहे. आणि फवारलीही मीच. पाठीवर पंप, तोंडाला धोतराचा पदर. फक्त बांधाकडच्या दोन ओळी सोडायचो, त्या घरच्या. त्यांना पंप लावायचा नाही, हा गयाबाईचा हुकूम. बाकीची तूर बाजारात. ती कोणी खाल्ली, त्याचं काय झालं, हे मी एक दिवस विचारलं नाही. आमच्याकडं बरेच जण असंच करतात. म्हणून निघतानाच माझा एक सवाल पक्का होता: 'तुमच्या घरची ओळ कुठली?' ज्यानं घरची ओळ वेगळी राखली, त्याची बाकीची तूर घ्यायची नाही. यात कोणी मला फसवेल, असं बिलकुल वाटत नव्हतं.

अंबड

एसटीनं अंबडला उतरलो. कोर्टाची तारीख असावी, कारण स्टँडवर अर्धी माणसं बगलेत फायली धरून होती आणि उरलेली अर्धी त्यांना चहा पाजत होती. बाजारात फिरताना एका दुकानावर पाटी दिसली, 'सेंद्रिय डाळ मिळेल'. आत गेलो. दुकानदार चाळिशीचा, गुबगुबीत. हिरव्या छापाची पिशवी त्यानं समोर ठेवली.

"ही न फवारलेली कशावरून?" मी विचारलं.

"बाबा, पिशवी बघा की. हिरवी हाय."

"पिशवी मला शिजवायची न्हाई."

"मंग कंपनीवर भरोसा ठेवा."

"तू घरी हीच खातो?"

तो हसला. आतल्या पोऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून जरा वाकला. "खोटं कशाला बोलू? घरच्याला मी रामरावकडून आणतो. मोसंबीच्या बागा संपल्या की त्यांचं गाव लागतं. माझं नाव सांगा."

माणूस खरं बोलला, मला आवडला. त्याची पिशवी तिथंच ठेवली आणि त्या गावचा टेम्पो धरला. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं भली आहेत, त्यांना त्रास नको.

मोसंबीच्या पलीकडं

हा मुलूख आमच्या वाटूरकडच्यापेक्षा हिरवा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला मोसंबी, बुंध्यांना चुना लावून शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी. आमच्याकडं पाव्हणा आला की पाण्याचा तांब्या आणि लगेच चहा. इथं आधी गुळाचा खडा आणि पाणी, चहाची घाई नाही. मला ही रीत बरी वाटली. गूळ खाल्ला की माणूस जरा टेकतो.

रामराव पन्नाशीचे, हाडापेरानं मोठे. चौदा घरांचं ऐकून खूश झाले. खोलीत तुरीची रास होती. लाल, टपोरी, एकसारखी. मूठभर घेतली, तळहातावर फिरवली, थोडी रुमालात गाठ मारून ठेवली. खुंटीवर फवारणीचा पंप टांगलेला होता, तोही पाहिला. आता माझा सवाल विचारायचा, तेवढ्यात आतून हाक आली, "बाबा, हातपाय धुवा. ताटं केली."

जेवायला ज्वारीची भाकरी आणि वरण. वरण घोटून एकजीव केलेलं नव्हतं, अर्धी डाळ दाण्यानं उभी होती. वर करडईच्या तेलाची फोडणी. लसूण सोललेला नाही, सालासकट नुसता दगडावर दाबलेला, कडेनं काळा झालेला.

पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. ही गयाबाईची डाळ होती.

सहा महिन्यांत मी अर्ध्या भाकरीच्या वर गेलो नव्हतो. त्या दिवशी साडेतीन खाल्ल्या. ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि तेही पिऊन टाकलं. रामरावांची बायको सुभद्राबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"बाबा, ताट तरी ठेवा."

"ठरलं," मी म्हणालो. "ही तूर चौदा घरांची. माझा शब्द."

रामरावांनी हात पुढं केला, मी हातावर हात मारला. पान-सुपारी झाली. संध्याकाळी गावातल्या फोनवरून मास्तरीण बाईंना कळवून टाकलं, "तूर मिळाली. अशी डाळ तुम्ही जन्मात खाल्ली नसंल." तिकडून बाई म्हणाल्या, "आबा, तुमच्यावर भरोसा होताच." मी ओट्यावर पथारी टाकली आणि जे झोपलो ते उजाडल्यावरच उठलो.

दुसरा दिवस, सकाळ

निघताना सुभद्राबाईंनी फडक्यात भाकरी बांधली, डब्यात कालच्यासारखीच डाळ भरली. मी म्हणालो, "बाई, शेवटी रानातली ती रानातली. बाजारच्या डाळीला ही चव येत न्हाई."

त्या खळखळून हसल्या. "कशाची रानातली? ही मोंढ्यातलीच हाय, जालन्याहून आणलेली. आमची कुठं भरडली अजून?"

मला वाटलं, चेष्टा करून राह्यल्या. रामरावांकडं पाहिलं. ते चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रामराव," मी म्हणालो, "घरची ओळ कुठली?"

"बांधाकडच्या चार," त्यांनी सरळ सांगितलं. "त्यातली थोडी त्या अंबडच्या दुकानदाराला देतो. बाकी समदी लेकीकडं धाडली. तिला दिवस गेल्यात."

"आन् ही रास?"

"हिला पाच फवारे."

"काल का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही जेवले आन् शब्द दिला. मला वाटलं, पंप बघितला, दाणा बघितला, म्हंजे चालतंय."

बराबर होतं. पंप मी पाहिला होता. रुमालाची गाठ सोडली, दाणे तळहातावर पसरले. न फवारलेल्या तुरीत मुठीमागं दोन-तीन दाणे तरी कडेनं कुरतडलेले निघतात. शेंगेत अळी असते, ती खाणारच. या मुठीत एकही नव्हता. पस्तीस वर्षं तूर पेरलेला माणूस मी, आणि हे मला काल दिसलं नाही. जिभेनं डोळ्याचं काम केलं.

"रामराव, शब्द मागं घेतो," मी म्हणालो.

ते उठून उभे राहिले. "आमच्या घरी जेवले, हातावर हात मारला, आन् आता फिरून राह्यले? गावात काय सांगू?"

"सांगा की म्हातारा इचारायचं इसरला. चूक माझी हाय. पण चौदा घरं माझ्या तोंडाकडं बघून खाणार हायत."

"तुम्ही काय फवारत नव्हते?"

"फवारत व्हतो. तुमच्यापेक्षा जास्त."

"मंग?"

"मंग काही न्हाई. आता इकणारा न्हाई ना मी. घेणारा झालो."

रामरावांनी चप्पल पायात घातली आणि ते गोठ्याकडं गेले. मला वाईट वाटलं. पण खोटं वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता, मी पिशवी उचलली.

सुभद्राबाई मात्र दारातून हलल्या नाहीत. त्यांना राग आला होता. "डाळीला नावं ठेवून चालले का?"

"न्हाई बाई. डाळ एक नंबर व्हती. आमच्या मंडळीच्या हातची. ती गेली."

त्या जरा नरमल्या. "आता घरी कोण करतं?"

"सून."

"तिला सांगितलं का, लसूण सालासकट घालायचा म्हणून? तेल करडईचं, डाळ घोटायची न्हाई म्हणून?"

"मलाच म्हाईत नव्हतं. मी फकस्त खायचो."

"मंग तिनं काय सपनात बघायचं?" असं म्हणून त्यांनी डबा माझ्या पिशवीत कोंबला. परत काही घेतला नाही.

टेम्पोची वाट बघत मोसंबीच्या बांधावर बसलो. वर्षाही मोंढ्यातलीच डाळ आणते. एकाच बाजारची डाळ. तिच्या ताटातली मला विष लागत होती आणि इथं मी ताट धुऊन प्यालो. सहा महिने मी त्या पोरीला काय काय बोललो, ते एकेक आठवायला लागलं. आठवण पक्की आहे माझी, एकही सुटलं नाही.

वाटूर फाटा

घनसावंगी, परतूर, वाटूर. तीन गाड्या आणि एका गाडीत मांडीवर दुसऱ्याची कोंबडी, एवढंच सांगण्यासारखं. फाट्यावरून आधी जालन्याला फोन केला.

"बाई, ती तूर रद्द."

"अहो आबा, काल तर जन्मात खाल्ली नसंल म्हणालात! मी सगळ्यांना सांगून बसले."

"सगळ्यांना सांगा, आबानं चूक केली. दोन दिवस द्या."

मंग बाई म्हणाल्या, "दोनच." फोन ठेवला.

फाट्यावरून आमचं गाव चार कोस. हॉटेलवाल्यानं ओळखलं. "आबा, गावाकडं का? जीप हाय आता."

"न्हाई," मी म्हणालो.

"घर बंद हाय का?"

"बंद हाय."

त्यानं भजी पुढं ठेवली. जीप माझ्यासमोरून गेली. तिच्या टपावर आमच्या गावची माणसं होती. मी तोंड फिरवून बसलो.

बिराजीचं रान

गाडीतच मला बिराजीची आठवण आली होती. बिराजी धनगर. पूर्वी उन्हाळ्यात कळप घेऊन यायचा आणि आमच्या रानात मेंढ्या बसवायचा. आठ-दहा दिवस मेंढ्या रानात बसल्या, की लेंड्यांनी जमीन अशी व्हायची की खत टाकायला नको. नंतर त्यानंच फाट्याच्या अलीकडं चार एकर घेतली आणि पेरू लागला. कळप अजून आहे, थोडा.

मी बांधावरूनच हाक मारली. आधी कुत्रं आलं, मंग बिराजी.

"पाटील! इकडं कुठं वाट चुकले?"

"तूर बघायला आलो. बिनफवाऱ्याची पाहिजे."

बिराजी कमरेवर हात ठेवून हसला. "तुमी आन् बिनफवाऱ्याची? तुमच्या पंपाच्या वासानं माझ्या मेंढ्या वाकड्या वाटेनं जायच्या."

"ते झालं. आता सांग, तुझ्या घरची ओळ कुठली?"

"कसली घरची ओळ?"

"घरी खायला राखलेली. न फवारलेली."

"पाटील, मला पंपच न्हाई. जी इकतो तीच खातो. वेगळी कशाला राखू?"

माझ्या सवालाला असा जबाब येईल हे मी धरलंच नव्हतं. पण एकदा फसलेला माणूस मी. म्हणालो, "मंग अळीचं काय करतो?"

त्यानं बायकोला हाक मारली. तिचं नाव ठकूबाई. ती आतून एक जुनं लुगडं घेऊन आली आणि माझ्यापुढं झटकून पसरलं. सगळ्या लुगड्यावर हिरवे-काळे डाग.

"शेंग भरायला लागली की रोज सकाळी हे दोघांनी झाडाखाली धरायचं," ती म्हणाली. "तिसऱ्यानं झाड हलवायचं. अळ्या पडत्यात. त्या नेऊन कोंबड्यांपुढं टाकायच्या. म्हैनाभर हेच. पाठ मोडती. तुमाला धुतलेलं दाखवू का? धुतलं तरी डाग जात न्हाईत."

मी लुगडं हातात घेतलं, उन्हात धरलं. अळीच्या रसाचा डाग मला कळतो. मंग पोत्यात हात घातला, तळापासून मूठ काढली, दुसऱ्या पोत्यातूनही काढली. दाणा बारीक-मोठा, मुठीमागं तीन-चार कुरतडलेले. भोक गोल असतं तर साठवणीतला भुंगा म्हणालो असतो, पण हे कडेनं खाल्लेलं होतं. शेंगेतल्या अळीचं काम. पोत्यात कडुनिंबाचा पाला, औषधाचा वास नाही. मी दोन दाणे चावले. एक दात हलला, तेवढा तोटा.

हे सगळं होईतो त्यांच्या एका बकरीनं माझ्या पिशवीत तोंड घालून रामरावांची तूर रुमालासकट खाल्ली. ठकूबाई तिला मारायला धावली. मी म्हणालो, "राहू दे. ती तूर कोणी ना कोणी खाणारच व्हतं."

ह्या खेपेला आधी पाहिलं, विचारलं, शब्द दिला, आणि मंग जेवायला बसलो. वरण आलं. पाण्यासारखं, तिखटजाळ, मिठाचा अंदाज नाही, लसूण नावाला.

"कसं हाय?" बिराजीनं विचारलं.

"तुझी तूर चांगली. वरण वाईट."

ठकूबाई चुलीपासून म्हणाली, "आमी मेंढ्या राखून राह्यलो पाटील, हाटेल न्हाई टाकलं."

बिराजीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मी ताट संपवलं. कठीण गेलं, पण संपवलं.

जालना

चौथ्या दिवशी नमुन्याला शेर-दीड शेर तूर घेऊन घरी आलो. ओट्यावर बायका जमल्या. मास्तरीण बाईंनी सुपात तूर पसरली आणि चष्मा लावला.

"आबा, हे तर किडकं आहे."

"हाय. अळीनं खाल्लंय."

"मग हे आम्ही घ्यायचं?"

"तुम्हाला औषध पण नको आन् अळी पण नको. असं रान कुणी दाखवलं तर मी तिथं राहायलाच जातो. अळीला जे खाऊन काही झालं न्हाई, ते तुम्हाला खायचंय. कुरतडलेले दाणे निवडा, कोंबड्यांना टाका. तेवढे कष्ट हाताचे."

पलीकडच्या एक बाई म्हणाल्या, "काल-परवा दुसरी तूर पास केली होती तुम्ही. उद्या हीसुद्धा रद्द कराल."

हे येणार होतं. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. रामरावांच्या घरी मी तूर तपासलीच नाही, डाळ खाऊन शब्द दिला, आणि ती डाळ मोंढ्यातली निघाली. तुमच्या-आमच्या घरी येते तीच. मंग दाराकडं तोंड करून, आत ऐकू जाईल असं म्हणालो, "सहा महिने मी सुनेच्या डाळीला विष म्हणत आलो. फवारलेली असंल, समद्यांचीच असती. पण मला घास जात नव्हता तो त्याच्यामुळं न्हाई. तिच्या हाताची काही चूक नव्हती."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मास्तरीण बाईंनी वही काढली आणि विचारलं, कोण कोण घेणार. नऊ घरांनी नावं दिली. पाच घरांना स्वच्छ दाणा पाहिजे होता, त्यांनी नाही दिली. त्यांची मर्जी. मी कोणाला आग्रह केला नाही.

संध्याकाळी वर्षा गॅसजवळ भाजी चिरत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून सांगितलं, "लसूण सोलायचा न्हाई. सालासकट दाबायचा. करडईच्या तेलात काळा होऊ द्यायचा. डाळ घोटायची न्हाई. तुझी सासू तसं करायची. मला आत्ता कळलं."

ती म्हणाली, "आत्या तसं करायच्या? मला कधी बोलल्या न्हाईत."

"तिला कोणी इचारलंच न्हाई," मी म्हणालो.

जेवायला बसलो. बिराजीची तूर अजून भरडायची होती, त्यामुळं डाळ मोंढ्यातलीच. लसूण काळा झाला होता, दाणा उभा होता. घास घेतला. गयाबाईची नव्हती ही. पण घास खाली गेला, अडकला नाही.

वर्षा ताट ठेवून आत गेली नव्हती. भिंतीला टेकून उभी होती.

"मामा, कशी झाली?"

मी आणखी एक घास घेतला. नीट चावला.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मंग हसली, मिठाची वाटी आणली, माझ्या ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं, आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली.